वाचकांचे प्रश्न : इटालियन कोर्टाचे कागद इंग्रजीत आणताना

प्रश्न : इटलीहून आणलेल्या बाटलीभरणी यंत्राच्या पैशांवरून तिथल्या कोर्टात वाद चालू आहे. कागदांच्या इंग्रजी भाषांतराचे काम माझ्याकडे आले आहे. आर. जी., जी. आय., पी. क्यू. एम. ही अद्याक्षरे कशी सोडवायची? ‘माजिस्त्रातो’ला मॅजिस्ट्रेट म्हटले तर चालेल का?
(सातपूर, नाशिक)

उत्तर : नाही चालणार. आपल्याकडे मॅजिस्ट्रेट म्हटले की फौजदारी कोर्टाची खालची पायरी डोळ्यांपुढे येते. इटलीत न्यायाधीश आणि सरकारी वकील दोघेही माजिस्त्रातोच. तेव्हा माणूस कोण ते पाहून ‘जज’ किंवा ‘पब्लिक प्रॉसिक्यूटर’ लिहा.

अद्याक्षर थेट इंग्रजीत नेऊ नका. आधी ते इटालियनमध्ये पूर्ण उलगडा, प्रकरण दिवाणी की फौजदारी ते पाहा, मगच इंग्रजी शब्द शोधा. पहिल्या उल्लेखाला मूळ इटालियन शेजारी ठेवा. तिथल्या वकिलाला ताडून पाहता येते.

आर. जी. म्हणजे ‘रुओलो जेनेराले’, केसचा नोंदणी क्रमांक. ‘जनरल डॉकेट नंबर’ लिहा. निकालाचा क्रमांक वेगळा, ‘रेपेर्तोरिओ’चा, म्हणजे कोर्टाच्या नोंदवहीतला, आणखी वेगळा, आणि तिन्ही एकाच पानावर येऊ शकतात. गल्लत होते ती इथेच. जी. आय. म्हणजे दिवाणीत पुरावे आणि सुनावणी हाताळणारा ‘जुदिचे इस्त्रुत्तोरे’. त्याला इन्व्हेस्टिगेटिंग जज केले की विनाकारण पोलिस तपासाचा वास येतो. ‘जज इन चार्ज ऑफ द प्रोसीडिंग्ज’ बरे. पी. क्यू. एम. म्हणजे ‘पेर क्वेस्ति मोतीवी’, इंग्रजीत ‘ऑन दीज ग्राउंड्स’. कारणमीमांसा तिथे संपते आणि खरा आदेश सुरू होतो.

‘कान्चेल्येरे’ हा चॅन्सेलर नव्हे, कोर्ट क्लर्क. ‘कॉन्सिल्येरे’ हा सल्लागार नव्हे, वरच्या कोर्टाचा न्यायाधीश. नावाआधीचे ‘दोत्तोरे’ पदवीधराला लागते, ‘डॉ.’ लिहून न्यायाधीशाला डॉक्टर करू नका. रकमेत १२.५००,०० म्हणजे साडेबारा हजार युरो. टिंब-स्वल्पविराम उलटे करायला विसरू नका.

कागद ‘देक्रेतो इंजुन्तीवो’, म्हणजे पैसे भरण्याचा आदेश, असेल तर घाई करा. हरकतीची मुदत इटलीत राहणाऱ्याला साधारणपणे ४० दिवस, युरोपीय संघाबाहेरच्याला ६०; पण ती कमी-जास्त होऊ शकते, म्हणून आदेशात छापलेलीच धरा. ती कागद बजावल्यापासून मोजतात.

प्रश्न : फौजदारी कागदातला जी. आय. पी. म्हणजे तपास करणारा न्यायाधीश ना? शब्दकोशात तसेच आहे.
(नाशिकरोड)

उत्तर : शब्दकोश जुना असावा. तपास करणाऱ्या न्यायाधीशाचे पद २४ ऑक्टोबर १९८९ ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाल्यावर गेले. आता तपास पी. एम. म्हणजे सरकारी वकील चालवतो, जी. आय. पी. त्यावर लक्ष ठेवतो, अटक किंवा फोन टॅपिंगला परवानगी देतो. ‘जज फॉर प्रिलिमिनरी इन्व्हेस्टिगेशन्स’ लिहा. जी. यू. पी., म्हणजे प्राथमिक सुनावणीचा न्यायाधीश, निराळा : खटला उभा राहणार का, हे तो ठरवतो, आणि त्याच प्रकरणात जी. आय. पी. म्हणून काम केलेल्याला तिथे बसता येत नाही. ‘सोस्तितूतो प्रोकुरातोरे’ बदली माणूस नव्हे, नियमित सरकारी वकीलच. ‘असिस्टंट’ लिहिलेत तर इथल्या वाचकाला आपल्या कोर्टातला एपीपी (असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्यूटर) आठवेल, म्हणून ‘डेप्युटी’ ठेवा.