आधी केस पेपर वाच, मग निकाल

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची निकालांची यादी मिळाली. वैद्यकीय निष्काळजीपणाचं हे तुझं पहिलंच वकीलपत्र, आणि समोर घरातलं माणूस गमावलेलं कुटुंब. झोप लागत नाही असं लिहिलंस ते समजू शकतो.

यादीत सगळ्यात वर तू बलराम प्रसाद विरुद्ध कुणाल साहा हा २०१३ चा निकाल ठेवलायस. सहा कोटी आठ लाख रुपये आणि वर सहा टक्के व्याज. एवढ्यात हा आकडा पक्षकारांच्या कानावर घालू नकोस. एकदा ऐकला की तो डोक्यातून जात नाही, आणि पुढे मिळेल ती रक्कम त्यांना अपमानासारखी वाटते. त्या प्रकरणात गेलेली बाई अमेरिकेत शिकलेली बालमानसशास्त्रज्ञ होती, तिची संभाव्य कमाई डॉलरमध्ये मोजली गेली. शिवाय मृत्यू १९९८ चा. निष्काळजीपणा झाला यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं २००९ मध्ये, आणि रक्कम ठरली त्यानंतर चार वर्षांनी. तुला त्या निकालातून शिकायचंच असेल तर वेगळी गोष्ट शीक. सगळं प्रकरण एका डोसावर उभं होतं: शरीरात दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड, ८० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हे कागदावर लिहिलेलं होतं, म्हणून औषधशास्त्राच्या ग्रंथांशी ताडून पाहता आलं.

माझं तुला एवढंच सांगणं आहे. निकालातलं तत्त्व शेवटी वाच. आधी तारखा, वेळा, कोणी काय केलं ते वाच. ही प्रकरणं तिथेच जिंकली आणि हरली जातात.

जोशी विरुद्ध गोडबोले हा १९६८ चा निकाल सगळे डॉक्टरच्या तीन कर्तव्यांसाठी उद्धृत करतात: रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार निवडताना काळजी, उपचार करताना काळजी. तू तो तथ्यांसाठी वाच. मे १९५३, गुहागरजवळ पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. आधी पायाला फळ्या बांधल्या, मग टॅक्सीने सुमारे दोनशे मैल प्रवास करून त्याला पुण्याला आणलं. वेदना दाबणाऱ्या मॉर्फियाची दोन इंजेक्शनं द्यायला सांगितली होती, दिलं एकच. भूल न देता तीन मदतनीसांकडून पाय ओढून हाड बसवलं, प्लास्टर घातलं, आणि त्याच रात्री मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर. तीन हजार रुपयांचा हुकूमनामा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिला. ‘दोन सांगितली, एक दिलं’ हे चार शब्द केवढं वजन उचलतात बघ. तुझ्या प्रकरणातही असं एखादं वाक्य असेल तर ते नर्सिंग नोट्समध्ये सापडेल, निकालांच्या यादीत नाही.

दुसरा निकाल खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९९६. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहिला. तो काढायला पुन्हा पोट उघडावं लागलं आणि काही दिवसांत ती बाई गेली. बचाव असा की मृत्यू कदाचित दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे झाला असेल. न्यायालयाचं उत्तर मला फार आवडतं. तसं गृहीत धरलं, तरी टॉवेल राहिला नसता तर दुसरी शस्त्रक्रिया करावीच लागली नसती. कार्यकारणभाव कसा जोडायचा हे इतकं साधं करून सांगणारा उतारा तुला क्वचित मिळेल. मात्र खालच्या न्यायालयाने दिलेली आणि मध्ये उच्च न्यायालयात रद्द झालेली ३६ हजारांची रक्कम पुन्हा मंजूर होईपर्यंत, मृत्यूनंतर तेहतीस वर्षं उलटली होती. मला याचा अजून संताप येतो, आणि तुलाही यावा असं वाटतं.

घरचे विचारतीलच, ‘डॉक्टरला आत टाकता येईल का?’ तेव्हा त्यांना जेकब मॅथ्यू निकाल समजावून सांग. लुधियानातली १९९५ ची घटना. रात्री रुग्णाला श्वास घेता येईना, तक्रारीप्रमाणे वीस-पंचवीस मिनिटं डॉक्टर आले नाहीत आणि आणलेला ऑक्सिजन सिलिंडर रिकामा निघाला. ऐकून कुणाचंही रक्त तापेल. तरी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटला रद्द केला. भरलेला सिलिंडर नसणं हा कदाचित रुग्णालयाच्या दिवाणी जबाबदारीचा प्रश्न होईल, पण डॉक्टरला गुन्हेगार ठरवायला घोर निष्काळजीपणा लागतो, असं सांगितलं. त्यांचा राग आणि पुरावा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं हे तुझं काम आहे, आणि ते हळुवारपणे कर.

सगळ्यात अवघड बोलणं वेगळंच आहे. माणूस गेला म्हणजे चूक झालीच असं कायदा मानत नाही. शस्त्रक्रिया अपयशी ठरली एवढ्यावरून डॉक्टर दोषी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही पुन्हा सांगितलं. कागद वाचून तुझंच मत झालं की इथे निष्काळजीपणा दिसत नाही, तर ते पहिल्या महिन्यातच सांग. खोट्या आशेवर वर्षानुवर्षं तारखांना येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं दुःख शिळं होत नाही, दर तारखेला पुन्हा उघडं पडतं.

तज्ज्ञांचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे २०१० च्या किशन राव निकालात आहे. मलेरियाच्या रुग्णाला टायफॉइडचे उपचार दिले होते. पण त्यावर विसंबून राहू नकोस. पोटात टॉवेल सापडणं वेगळं आणि अँटिबायोटिकची निवड वेगळी.

मुदत विसरू नकोस: ग्राहक आयोगात दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. रुग्णालयाकडे नोंदींची लेखी मागणी आजच टाक, पोच घे. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी देण्याचं डॉक्टरांवर बंधन आहे. आल्या की केस पेपर, नर्सिंग नोट्स, भूलतज्ज्ञाची नोंद आणि संमतीपत्र शेजारी शेजारी ठेवून एकच तक्ता कर: वेळ, काय झालं, कोणी लिहिलं. दोन कागदांवरच्या वेळा जुळत नसतील तिथे खूण कर. शाई बदललेली, ओळींच्या मध्ये कोंबून लिहिलेली नोंद दिसली तर मूळ कागद पाहायची मागणी लगेच कर.

हा तक्ता झाला की मला पाठव. तोवर तक्रारीचा मसुदा लिहायला घेऊ नकोस. आणि शवविच्छेदन झालं होतं का, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. घरच्यांना आज फोन करून विचार.

तुझा,
सर