कंपनीच्या नेटवर्कवर नको त्या वेबसाइट्स बंद कशा कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की ३५ पीसी आहेत, राउटरमध्ये साइट्सची नावं टाकून पाहिली तरी पोरं उघडतातच, आणि मालकांना आता 'शब्दावरून सरसकट बंद' हवं आहे, वर कोण काय उघडतो याचा रोज नावानिशी रिपोर्ट. या शेवटच्या दोन मागण्या वाचल्या आणि लिहायला बसलो, कारण दोन्ही मी एकदा पूर्ण करून दिल्या आहेत.

२०१९ चा एप्रिल. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सिस्टीम सांभाळायचो. शेतीपंपाचे स्टार्टर आणि पॅनल बनायचे. आयपीएल सुरू होती आणि सट्ट्याच्या साइट्स रोज नवं नाव घेऊन यायच्या. आज एक बंद केली की उद्या त्याच नावाला एक आकडा जोडून दुसरी हजर. मालक म्हणाले, नावं कुठवर टाकत बसता, शब्दच बंद करा. मी स्क्विड प्रॉक्सीत (ऑफिसचं सगळं नेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) एक ओळ टाकली: पत्त्यात कुठेही बी-ई-टी ही तीन अक्षरं लागून आली की साइट बंद, आणि नोंद 'जुगार' या नावाखाली. रोज संध्याकाळी सहाला त्याची यादी, पीसी कोणाचा त्या नावासकट, मालकांच्या मेलवर.

चौथ्या दिवशी टेंडरचं काम बघणाऱ्या पोराला केबिनमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं, साक्षीला. टेबलावर प्रिंट होती, त्याच्या नावाच्या १४ ओळी पिवळ्या हायलायटरने रंगवलेल्या. मालक म्हणाले, "ऑफिसात बसून सट्टा खेळून राहिला का बे?" तो नुसता म्हणत राहिला, "नाही जी, मी टेंडरचं पाहून राहिलो होतो." मोबाइल काढून दाखवायला लागला तर तोही काढून घेतला.

मी तो कागद उलटा फिरवून वाचला. चौदाच्या चौदा ओळी बैतूलच्या. सावनेर-पांढुर्णा-मुलताईवरून पलीकडे मध्य प्रदेशात जे बैतूल आहे ते. इंग्रजीत त्याची सुरुवातच बी-ई-टी ने होते. पोरगा जिल्ह्याच्या सरकारी साइटवर टेंडरची दुरुस्ती लागली का ते पाहत होता. पान उघडेना म्हणून नेट स्लो असेल असं समजून पुन्हा पुन्हा दाबत होता. मी तिथल्या तिथे सांगितलं, चूक माझ्या ओळीची आहे. मालक म्हणाले, "ठीक आहे, तेवढं बैतूल सोडून द्या." पोराला कोणी 'माफ कर' म्हणालं नाही. मीही सगळ्यांसमोर म्हणालो नाही, नंतर पार्किंगमध्ये म्हणालो.

त्याच कागदावर खाली अकाउंट्समधल्या ताईंच्या नावापुढे तीन ओळी होत्या. मधुमेहाची माहिती देणारी साइट. डायबेटिसच्या स्पेलिंगमध्ये मधोमध बी-ई-टी आहे. ताईंनी शुगरचं ऑफिसात कोणालाच सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय ताई, गोड सोडलं का?" ताईंनी कप खाली ठेवला आणि जागेवर जाऊन बसल्या.

त्या दिवशी मी नावाचा रिपोर्ट बंद केला. वाद झाला. त्यांचं म्हणणं, नेट माझं, पगार माझा, मी पाहीन. माझं म्हणणं, नेट तुमचं आहे, माणूस नाही. दोन महिन्यांनी मी तिथून निघालो आणि आजही माझं म्हणणं तेच आहे.

आता तुमचं. साध्या राउटरच्या फिल्टरला एचटीटीपीएसमधलं, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन जाणारं, काही दिसत नाही, म्हणून तुमची यादी पोकळ ठरते. डीएनएसवर गाळा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेतच. फुकटात सुरुवात करायची तर क्लाउडफ्लेअर कंपनीचं १.१.१.३ हे डीएनएस मालवेअर आणि अश्लील साइट्स दोन्ही अडवतं. सट्टा, व्हिडिओ वगैरे वर्ग निवडून हवे असतील तर पैसे भरून सेवा घ्या, किंवा पीएफसेन्ससारखा फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) बसवून तयार याद्या वापरा. पण डीएनएस बदलून थांबलात तर आठवडाभरात पोरं गूगलचं डीएनएस ८.८.८.८ टाकतील. म्हणून पोर्ट ५३ आणि ८५३ (डीएनएसची ये-जा होते ती दारं) बाहेर जायला फक्त तुमच्या सर्व्हरला मोकळे ठेवा, आणि ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' पॉलिसीने (सगळ्या पीसींवर एकदम लागू होणाऱ्या सेटिंगने) बंद करा, कारण ते साध्या वेबसाइट्सच्याच ४४३ पोर्टवरून जातं आणि पोर्ट अडवून सापडत नाही. प्रॉक्सी ठेवणार असाल तर यूडीपी ४४३ (क्रोमचा प्रॉक्सीला वळसा घालणारा मार्ग) ही बंद करा; क्रोम मग मुकाट्याने टीसीपीवर, म्हणजे नेहमीच्या मार्गावर, येतो.

शब्दावरून बंदी मात्र करू नका. तिबेट, अल्फाबेट, डायबेटिस, बैतूल सगळं अडकतं आणि खरा सट्टेवाला मोबाइल डेटावर खेळतच राहतो. अडवायचं तर पूर्ण डोमेन (साइटचं पूर्ण नाव) अडवा. अडवलेल्या पानावर मराठीत दोन ओळी लिहा: ही साइट कोणत्या वर्गात अडकली, आणि कामाची असेल तर कोणाला सांगायचं. मी आता जिथे आहे तिथे त्या पानावर माझा एक्स्टेंशन नंबर आहे, आणि साइट दहा मिनिटांत मोकळी करून मिळते. मालकांना रिपोर्ट द्यायचाच तर वर्गवार आकडे द्या, नावं नकोत.

एक राहिलं. फिशिंग (खोट्या पानावरून पासवर्ड चोरणं) आणि मालवेअरचे वर्ग कोणालाही न विचारता बंद ठेवा, तिथे माझा काही वाद नाही. आणि एखाद्या पीसीतून खरंच व्हायरस बाहेर बोलत असेल तर लॉगमध्ये पीसीचा नंबर लागतोच, म्हणून लॉग ठेवा. पण तो सिस्टीमवाल्याकडे राहू द्या आणि ठरावीक दिवसांनी पुसा. एचटीटीपीएस उघडून वाचणारं इन्स्पेक्शन बसवा असं कोणी विकायला आलं, तर बँकांची पानं त्यातून वगळता येतात का हे आधी विचारा. पगाराच्या दिवशी सगळे ऑफिसच्याच पीसीवर बॅलन्स बघतात.