"मॅडम, वर्गात नुसता खेळच चालतो"

बालवर्गातल्या मुलांच्या पालकांचं पहिलं वाक्य मला आता पाठ झालंय. "मॅडम, वर्गात नुसता खेळच चालतो. अभ्यास कधी घेणार?" शब्द थोडे मागेपुढे होतात, काळजी तीच असते. पुढच्या वर्षी पहिली, मग आपलं मूल मागे पडलं तर? त्या धास्तीने घरी वही उघडली जाते. काही आठवड्यांनी पेन्सिल दिसली की मुलाचं पोट दुखायला लागतं आणि आईबाबा माझ्याकडे येतात.

अशाच एका पाच वर्षांच्या मुलीची ही गोष्ट. तिला आपण छोटी म्हणू. आईने आल्या आल्या चौकटीची वही माझ्यापुढे ठेवली. पानभर ५ काढलेले होते. तिसऱ्या ओळीत खोडरबर इतक्या वेळा फिरलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. त्या भोकातून मागच्या पानावरचा ४ दिसत होता.

"शंभरपर्यंत घडाघडा म्हणते हो. पण लिही म्हटलं की रडारड."

मी छोटीला मण्यांची वाटी दिली, शेजारी कापडी अस्वल बसवलं. "याला पाच मणी देतेस?" तिने मूठ भरून मणी अस्वलापुढे ओतले.

"अगं, पाच! येतं ना तुला!" आई चटकन म्हणाली. छोटीने हात मागे घेतला आणि फ्रॉकखाली दडवला. त्या दिवशी तो हात पुन्हा बाहेर आला नाही.

इथे जरा थांबून सांगते, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. शंभरपर्यंत म्हणणं हे गाणं म्हणण्यासारखं आहे. मोजणं वेगळं. गेलमन आणि गॅलिस्टेल या अभ्यासकांनी १९७८ साली मोजण्यामागचे नियम नीट मांडले. एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम कायम, कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच, आणि सगळ्यात अवघड म्हणजे शेवटी उच्चारलेला अंक हेच 'किती'चं उत्तर. सहा वस्तू बरोबर मोजलेल्या मुलाला "मग किती आहेत?" असं विचारा. तो पुन्हा एकपासून सुरू झाला, तर शेवटचा नियम अजून उमगायचाय. पानभर ५ काढून तो उमगत नाही. वस्तू हाताळून, देऊन-घेऊन, वाटणी करूनच उमगतो.

आणि लिहिण्याचं म्हणाल, तर मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात आणि पुढे कित्येक वर्षं एकेक करून पक्की होत जातात. पाचव्या वर्षी ते काम चालूच असतं. त्या हाताला आधी माती मळू द्या, कपड्यांचे चिमटे उघडू-मिटू द्या, ओल्या बोटाने फरशीवर अक्षरं काढू द्या. पेन्सिल कुठे पळून जात नाही.

दोन भेटी छोटी काहीच बोलली नाही. मी आईला एवढंच सांगितलं होतं, की महिनाभर वही बंद आणि "सांग बघू" हे दोन शब्दही बंद. तिसऱ्या भेटीत मी अस्वलाला मोजायला बसवलं. सहा मणी ओळीत मांडले. अस्वलाच्या पंजाने मोजताना निळा मणी दोनदा धरला. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात! सात मणी!"

छोटी मण्यांकडे बघत राहिली. आईचे ओठ हलले, मी नजरेने थांबवलं. बराच वेळ गेला.

"ए, निळा दोनदा मोजला त्याने."

"हो? मग कसं मोजायचं?" मी अस्वलाच्या आवाजात विचारलं.

तिने अस्वलाचा पंजा घट्ट धरला आणि एकेका मण्यावर ठेवत गेली. मोजलेला मणी दुसऱ्या हाताने बाजूला सारत होती. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. "...पाच, सहा."

"म्हणजे किती?"

"सहा. आत्ताच म्हटलं ना!"

पुन्हा एकपासून सुरू झाली नाही ती. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी तो "आत्ताच म्हटलं ना" ऐकून अंगावर काटा आला. आई हळूच म्हणाली, "माझ्याशी ही अशी कधी बोललीच नाही."

तेव्हा माझ्या लक्षात जे आलं, ते आजही प्रत्येक पालकाला सांगते. त्या घरात आजवर चुकणारी एकटी छोटीच होती. बाकी सगळे तपासणारे. अस्वल चुकलं आणि पहिल्यांदा तपासणीचं काम तिच्याकडे आलं. चूक शोधायला नियम माहीत असावा लागतो. तो तिच्यात होता, फक्त बाहेर यायला जागा नव्हती. गेलमन यांनी १९८३ साली एका सहकाऱ्यासोबत नेमका असाच, चुकीचं मोजणाऱ्या बाहुलीचा प्रयोग केला होता. लहान मुलांनी त्या चुका पकडल्या होत्या.

अस्वल छोटीच्या घरी गेलं. मध्ये एकदा गडबड झाली. आईने अस्वल बाजूला ठेवून "आता खरं खरं सांग" म्हटलं आणि हात पुन्हा फ्रॉकखाली गेला. खेळात परीक्षा लपवली की मुलांना लगेच कळतं. शिक्षिकांनाही हे आवर्जून सांगते.

मग फासा आला. एका रांगेत १ ते १० घरं आणि दोन सोंगट्या, बास. सीग्लर आणि रमाणी यांच्या २००८ च्या अभ्यासात अशा पटावर थोड्याच छोट्या बैठका खेळलेल्या मुलांची अंकांची समज वाढली. तसाच पट, पण आकड्यांऐवजी रंग, त्यावर खेळलेल्यांची नाही. म्हणून घरांवर आकडे हवेतच. आणि ३ वर उभ्या सोंगटीला दोन पडले, तर "एक, दोन" न म्हणता "चार, पाच" म्हणत पुढे जायचं. एवढीशी गोष्ट, पण बेरजेचा पाया तिथे पडतो.

अक्षरांचंही तसंच, आधी कान मग डोळा. 'कमळ'ला तीन टाळ्या, 'गाडी'ला दोन. 'कमळ'मधला क पळाला तर काय उरलं? मळ! शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द शोधत भेंड्या खेळा. ज्याचा कान अक्षर सुटं करू शकतो, त्याला मुळाक्षरं ओळखीची वाटतात. आपल्या भाषेची एक अडचणही लक्षात ठेवा. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. हा गोंधळ मुलाच्या कानाचा प्रामाणिकपणा आहे. रागावू नका, दहाचा गठ्ठा आणि सुट्या काड्या हातात द्या.

शेवटच्या भेटीत छोटी आणि आई माझ्यासमोर फासा खेळल्या. गुण छोटीच लिहीत होती, तिने स्वतःच कागद मागितला होता. अस्वलाच्या खात्यात तिने ६ काढला, पण तोंड उलटीकडे. झाला ३. आईचा हात सवयीने खोडरबराकडे गेला, वाटेत थांबला आणि अस्वलावर विसावला.

"मला तीनच मिळाले होय?" अस्वलाने रडवेल्या आवाजात विचारलं.

छोटीने कागद डोळ्यांजवळ नेला. मग खुदकन हसली. "अरे, सहाच आहेत तुझे. थांब, त्याचं तोंड फिरवते."