‘पगार’पासून सुरुवात कर

लॅटिनपासून निघालेल्या भाषांत शब्द कसे बदलत गेले, हे शिकायचंय ना? मग जाडजूड कोश नंतर उघड, आधी ‘पगार’ हा एकच शब्द घे. पोर्तुगीजांकडून आलेला, आता घरचाच झालेला. तिकडे ते क्रियापद, ‘पैसे चुकते करणे’. आपण त्याचं नाम केलं. मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. देणेकऱ्याने पैसे टाकले की दारातला सावकार शांत होतो, तसाच अर्थ सरकला!

स्पॅनिशमध्येही ‘पगार’च, इटालियनमध्ये ‘पगारे’. फ्रेंच ‘पेये’मध्ये मधला ‘क’ पार विरघळला. नुसत्या उच्चारसाम्यावर भाळू नकोस, मीही फसलोय. आणि याच कुळातली रोमानियन कधी वगळू नकोस, सगळे वगळतात. तिथल्या ‘अंपका’चा अर्थ आजही समेट घडवणे, पैशाचा संबंधच नाही.