कुंदा शोधणारा माणूस काय लिहितो?

चि. पुतणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी कुंद्याची, म्हणजे आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईची, वेबसाइट काल रात्री मोबाइलवर पाहिली. फोटो सुरेख आलेत, कढईच्या कडेला धरलेला तपकिरी थरसुद्धा दिसतो. पण पत्ता, भाव, पार्सल कुठे पाठवता, हे सगळं तू फोटोवरच लिहिलंयस. माणूस ते वाचेल. गूगल वाचेलच असा भरवसा धरू नकोस. ते खाली साध्या अक्षरांत लिही. आणि पानाचं शीर्षक नुसतं ‘होम’? शोधणाऱ्याला आधी तेच दिसतं, बाळ. तिथे ‘बेळगावचा कुंदा, घरपोच’ असं काहीतरी हवं.

गूगलचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, लिंकवरून लिंकवर फिरत पानं वाचतो, त्यांची नोंद इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या सूचीत, होते आणि कुणी शोधलं की त्या नोंदींतून निकालांचा क्रम लागतो. नोंदच नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. म्हणून सर्च कन्सोल आजच जोडून घे. आपल्या पानांची नोंद झाली की नाही, हे दाखवणारं ते गूगलचंच साधन, फुकट आहे. लोक काय टाइप करून तुझ्यापर्यंत आले, तेही त्यात कळतं.

हे ‘काय टाइप करून’ आपल्या भागात फार मोलाचं आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण पुण्यातला माणूस ‘बेळगावचा कुंदा’च शोधतो. इंग्रजीत कुणी ‘बेलगाम’ लिहितं, कुणी ‘बेळगावी’. धारवाडचं गिऱ्हाईक कन्नडमधून विचारणार. स्पेलिंगमधले फरक गूगल बरेचसे सांभाळून घेतं, पण कन्नड वाचणाऱ्याला मराठी पानाचा काय उपयोग? त्याच्यासाठी वेगळं पान कर, आणि ते कन्नड घरात बोलणाऱ्या माणसाकडून लिहून घे. मशीनचं भाषांतर तसंच चिकटवू नकोस, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

जाहिरातीचे पैसे थांबले की जाहिरात थांबते. चांगलं लिहिलेलं पान मात्र तू झोपलेली असतानाही गिऱ्हाईक आणतं, आणि तेही घ्यायच्या विचारानेच आलेलं. फक्त त्याला काही महिने लागतात. तेवढा धीर धर.

‘आठवड्यात पहिला नंबर’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस. मी दिले होते. दुसऱ्या साइटवरची लिंक गूगलला शिफारशीसारखी वाटते, म्हणून त्याने कुठल्या कुठल्या साइटवरून माझ्या पानाकडे विकतच्या लिंका लावल्या. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने अशा लिंकांविरुद्ध पेंग्विन नावाचा बदल आणला आणि माझं पान पार खाली गेलं. त्या लिंका काढून घेण्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. तुला लिंक हवीच असेल तर जे हॉटेलवाले तुझा कुंदा ठेवतात, त्यांना त्यांच्या साइटवर तुझं नाव द्यायला सांग. ती खरी लिंक.

आता एक काम कर. पुढच्या दहा गिऱ्हाइकांना फोनवर विचार, ‘आम्हाला शोधताना काय लिहिलंत?’ त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरव, सुधारू नकोस. रविवारी शहापूरला येतोय, तेव्हा वही घेऊन बसू.

तुझा,
काका