तुमचा प्रश्न: बरोबर इंग्लिश ठरवतं कोण?

प्रश्न: आमचं मालवणात होमस्टे आहे. भरती-ओहोटीची वेळ बदलली म्हणून मी पाहुण्यांना मेसेज टाकला की बोट राईड प्रीपोन झालीये (म्हणजे ठरल्या वेळेच्या आधी), तर एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, असा शब्दच नाही! कानकोंडी झाले हो. हे ठरवतं कोण?

उत्तर: ताई, कोणीच नाही, खरंच. फ्रेंचांनी 1635 मध्ये भाषेवर देखरेख करायला अकादमी काढली, इंग्लिशला तशी नाहीच, 1712 मध्ये जोनाथन स्विफ्ट या लेखकाने असं काहीतरी काढा म्हणून लिहिलं होतं पण ते बारगळलं. मग जॉन्सनची डिक्शनरी आली 1755 ला, आणि अमेरिकेत वेबस्टरने 1828 च्या कोशात कलर मधला यू सरळ काढून टाकला, आज दोन्ही स्पेलिंगं चालतात. म्हणजे कोशवाले, संपादक, शाळा आणि ज्यांच्या हातात पैसा न् सत्ता ते, असं मिळून ठरत जातं. आपल्या मराठी शुद्धलेखनाला निदान साहित्य महामंडळाचे नियम आणि 1962 ची सरकारी मान्यता आहे (तरी भांडणं संपली का?).

आणि प्रीपोन ऑक्सफर्डच्या कोशात आहे, साहेबांना उघडून बघू दे. हां, परीक्षेत किंवा परदेशी अर्जात प्रीपोनऐवजी अॅडव्हान्स्ड लिहा, तिथे तपासणारा वेगळा असतो. पण तुमचा मेसेज वाचून पाहुणे वेळेत जेटीवर आले ना? साहेब पण आले असतील, छत्री घेऊन.