आजारपणानंतर आधी ताकद येऊ द्यावी की आधी उठवावं?

तुमचे सासरे न्यूमोनियातून बरे होऊन नेरूळला घरी आलेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तीन आठवडे पलंगावरच आहेत, उठवलं की चक्कर येते, म्हणून घरचे म्हणतात, ‘आधी अंगात ताकद येऊ दे, मग चालवू.’ डॉक्टरांनी चालवायला सांगितलंय ना? मग थांबू नका. पडून राहिल्याने ताकद येत नाही, जाते, आणि उतारवयात फार झपाट्याने जाते. एका अभ्यासात निरोगी वृद्धांना 10 दिवस अंथरुणावर ठेवलं, तेवढ्यात त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस झडलं. आधी झडतात ते मांडीचे, कुल्ल्याचे आणि पोटरीचे स्नायू, म्हणजे नेमके उठून उभं राहायला लागणारे.

चक्कर का येते ते समजून घ्या, भीती कमी होईल. आडवं झालं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. शरीर समजतं पाणी जास्त झालं आणि ते लघवीवाटे काढून टाकतं. दोन-तीन दिवसांतच रक्तातला पातळ भाग घटतो. उभं राहताना रक्तवाहिन्या आवळून घ्यायची सवयही मोडते. अशा माणसाला एकदम उभं केलं की रक्त पायांत उतरतं आणि मेंदूला कमी पडतं. चक्कर आली म्हणून पुन्हा झोपवलं, तर उद्या ती जास्त येणार.

म्हणून टप्प्याटप्प्याने उठवा. आधी पडल्यापडल्या पावलं वर-खाली 20 वेळा. मग कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, कोपरावर जोर देऊन बसतं करा. तळवे जमिनीला टेकलेले हवेत. दोन-तीन मिनिटं तसंच बसू द्या, मग उभं करा. दंड धरून ओढू नका, खांदा दुखावतो. कमरेला जाड टॉवेल गुंडाळून तो धरा. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी मोजा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा, बीपीच्या गोळ्यांचा डोस बदलावा लागू शकतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

जेवण, चहा, पेपर सगळं खुर्चीत. त्यांच्यासाठी तर बसणं हेच औषध आहे, कारण पाठीवर पडून फुप्फुसांचा मागचा-खालचा भाग नीट फुगत नाही आणि कफ तिथेच साचतो. खुर्ची भिंतीला टेकवून उठ-बस पाच वेळा, दिवसातून तीनदा. जमत नसेल तर बैठकीवर घट्ट गादी ठेवून उंची वाढवा, पुढे ती काढा.

पायांना तेल चोळण्याआधी दोन्ही पोटऱ्या पाहा. एकच सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी असेल तर अजिबात चोळू नका; शिरेत गुठळी असू शकते. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ.

झोपलेले असताना दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड आणि टाचा रोज बघा; दाबूनही न जाणारा लालसर किंवा काळपट डाग ही बेडसोरची सुरुवात. आपल्याकडच्या दमट हवेत रेक्झिनवर घाम साचून कातडी लवकर सोलते, वर सुती चादर हवीच. गुडघ्याखाली कायमची उशी नको, गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी पोटरीखाली लांब ठेवा, टाच अधांतरी राहील.

आणि नुसत्या पेजेवर ठेवू नका, तिच्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. 60 किलो वजनाला दिवसाला साधारण 70 ग्रॅम लागतात: दोन अंडी 12, 100 ग्रॅम पनीर 18, बाकी डाळ, दही, मासे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जिना सगळ्यात शेवटी. घरात न थांबता दहा मिनिटं चालता आलं आणि हात न टेकता खुर्चीतून उठता आलं, की मग फिजिओथेरपिस्टला विचारून अर्धाच जिना उतरवून परत आणा. मधल्या वळणावर आधीच एक खुर्ची ठेवा. उतरताना तुम्ही एक पायरी खाली, चढतानाही तुम्ही खालच्याच पायरीवर, त्यांच्या मागे.